मालधक्क्यापासून चुलीपर्यंत

'मदतकार्य' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? कुणीतरी ओंजळ पुढे केली आहे आणि कुणीतरी त्या ओंजळीत धान्य ओततो आहे, असं एक चित्र. चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. त्या दोघांच्या मध्ये आणखी शंभर हात असतात आणि ते चित्रात येत नाहीत. मालधक्क्यावरचा हमाल, पोती मोजणारा कारकून, ट्रकचा ड्रायव्हर, फाटकं पोतं शिवणारी बाई, पाण्याचा बैलगाडा हाकणारा, हजेरीपट भरणारा मुकादम आणि पगाराच्या दिवशी सुट्या पैशांची पिशवी सांभाळत येणारा माणूस. आज मला आपल्याशी बोलायचं आहे ते या मधल्या हातांविषयी. कारण देणाऱ्याचं मन कितीही मोठं असलं, तरी मधला एक हात चुकला की घेणाऱ्याची ओंजळ रिकामी राहते.

यासाठी मी दोन तालुके घेतले आहेत. दोन्ही पुणे जिल्ह्यातले, एकमेकांच्या शेजारचे: शिरूर आणि दौंड. शिरूर घोड नदीच्या काठी. जुनी माणसं त्या गावाला घोडनदीच म्हणत आली. दौंड भीमेच्या काठी. नकाशा पाहणाऱ्याला वाटावं, इथं पाण्याला काय तोटा! पण सह्याद्रीवर रिते होऊन ढग इकडे येतात, तेव्हा त्यांच्यापाशी द्यायला फारसं उरलेलं नसतं. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. दौंडच्या पश्चिमेला कालव्याचं पाणी आलं, उसाचे मळे झाले. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड नदीवर धरण झालं. तरी कालव्याच्या वरच्या अंगाला राहिलेल्या गावांनी, कान्हूर मेसाई, पाबळ, केंदूर या बाजूच्या माळरानांनी, पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहूनच दिवस काढले.

या भागानं गेल्या दीडशे वर्षांत मोठी मदतकार्यं पाहिली. त्यांपैकी तीन आपण डोळ्यांपुढे ठेवू: १८७६-७७ चा दुष्काळ, १८९६ ते १९०० ही दुष्काळाची आणि प्लेगची वर्षं, आणि १९७२-७३.

आधी १९७२ कडे पाहू. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. त्याआधी जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांना महिनोन्‌महिने पोसावं लागलं होतं. म्हणजे देश युद्धातून नुकता उठलेला, तिजोरीवर ताण पडलेला, आणि अशात १९७२ चा पाऊस गेला. महाराष्ट्राची आधीची दोन वर्षंही ओढीतच गेली होती.

त्याच वेळी तिकडे बांगलादेशात काय चाललं होतं, ते पाहण्याजोगं आहे. मदतीच्या धान्याची जहाजं निघाली होती. पण चितगाव बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग होते आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडे वाटेत आडवे होते. पद्मा नदीवरच्या हार्डिंज पुलाचा एक गाळा युद्धात कोसळला होता. धान्य होतं, वाट नव्हती! सुरुंग काढायला रशियाचं नौदल आलं. पूल भारताच्या मदतीनं दुरुस्त झाला आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यावरून पुन्हा गाडी गेली. तोवर मोठ्या जहाजांतलं धान्य लहान जहाजांत उतरवायचं आणि पुढे नदीनाल्यांतून होडीनं न्यायचं, असा द्राविडी प्राणायाम चालू होता. युद्धानंतरच्या देशात मदत करणाऱ्याला 'किती देणार?' हा प्रश्न नंतर येतो. 'कुठवर पोचवणार?' हा प्रश्न आधी येतो.

आपल्याकडे बंदर मोकळं होतं, पूल उभे होते, रूळ शाबूत होते. आपला प्रश्न रूळ संपतात तिथून पुढे सुरू होत होता.

आणि रुळांची गोष्ट निघालीच आहे, तर एक सांगतो. दौंडहून मनमाडला जाणारा सुमारे २३५ किलोमीटरचा लोहमार्ग हे मुळात दुष्काळाचं अपत्य आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम म्हणून या मार्गाच्या मातीच्या भरावावर लावलं गेलं, आणि १८७८ मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या. भुकेल्या माणसांनी डोक्यावरून पाट्या वाहून जो भराव घातला, तोच पुढच्या दुष्काळांत धान्याच्या डब्यांची वाट झाला. आजच्या मदतीतून उद्याच्या मदतीची सोय होते ती अशी.

आता आपण धान्याच्या एका डब्याचा पाठलाग करू. समजा, मुंबई बंदरात उतरलेलं धान्य बोरघाट चढून दौंडच्या मालधक्क्याला लागलं. त्या काळच्या चारचाकी मालडब्यात वीसेक टन माल मावत असे. म्हणजे शंभर किलोची दोनशे पोती. डबा लागला की घड्याळ सुरू झालं. ठरल्या वेळात तो रिकामा केला नाही, तर रेल्वेचं डेमरेज भरावं लागतं. म्हणजे हमाल हवेत, आणि ते आत्ता हवेत. उद्या सकाळी मिळतील, हे उत्तर चालत नाही.

पोती उतरली. आता मोजा. निघाली तेवढीच पोचली का? फाटकी किती? ओली किती? वजन काट्यावर केलं की अंदाजानं? दाभण आणि सुतळी या दोन वस्तू किती क्षुल्लक! पण त्या धक्क्यावर नसतील, तर फाटक्या बारदानातून वाटेत धान्य गळतं. पोत्यामागे दोन किलो गळालं असं धरा. दोनशे पोत्यांवर चार क्विंटल झालं. माणशी दिवसाला अर्धा किलो या हिशेबानं हे आठशे माणसांचं एका दिवसाचं जेवण! ते कुणी चोरलेलं नसतं. ते रस्त्यावर सांडलेलं असतं. चोरीसाठी आपण पहारा ठेवतो. गळतीसाठी दाभण ठेवायला विसरतो.

पुढे ट्रक. तेव्हाचा ट्रक आठ-नऊ टन नेई. एका डब्याला अडीच ट्रक लागतात. म्हणजे तिसरा अर्धा रिकामा पाठवा, नाहीतर दुसऱ्या डब्याची वाट पाहत उभा करा. दौंडहून पाटस, चौफुला, तिथून उत्तरेला वळून भीमा ओलांडायची, न्हावरं, आणि मग शिरूर. इथवर रस्ता बरा. शिरूरच्या गोदामाशी ट्रक आला. किल्ली कुणाकडे? गोदामपाल तहसील कचेरीत मीटिंगला गेला असेल तर ट्रक संध्याकाळपर्यंत उभा. ड्रायव्हरचा दिवस बुडाला, उद्याची खेप चुकली. मदतकार्यात 'किल्ली कुणाकडे?' या प्रश्नाचं उत्तर नेहमी दोन नावांचं असावं. एक नाव पुरत नाही.

शिरूरपासून माळावरच्या गावांपर्यंत रस्ते अरुंद होत जातात. रेशन दुकानापर्यंत गाडी जाते. दुकानापासून वाडीपर्यंत धान्य माणसाच्या डोक्यावरूनच जातं. आणि दिवसभर मातीच्या पाट्या वाहिलेल्या बाईनं ते केव्हा आणायचं? दुकान काम सुटायच्या वेळी बंद होत असेल, तर तिनं एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि धान्य आणायचं. म्हणजे स्वस्त धान्य तिला महागच पडलं की नाही?

आता हिशेब मांडू. हजार माणसांना रोज अर्धा किलोप्रमाणे पाच क्विंटल लागतं. एक डबा चाळीस दिवस पुरतो. ऐकायला सोपं आहे. पण गोम अशी, की धान्याची मागणी पाठवल्यापासून माल हाती यायला पंधरा दिवस लागत असतील आणि दुकानदारानं दहा दिवसांचा साठा उरल्यावर मागणी पाठवली, तर मध्ये पाच दिवस कोरडे जातात. कागदावर ते पाच दिवस दिसत नाहीत. त्या पाच दिवसांत लोक काय करतात? बियाण्याचं गाडगं उघडतात. शेळी येईल त्या किमतीला विकतात. सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतात. सहाव्या दिवशी धान्य येतं, पण शेळी परत येत नाही. उशिरा आलेली मदत तेवढ्यानं कमी झालेली असते, हे यासाठी म्हणतो.

धान्याइतकंच पाणी. हजार मजूर उन्हात काम करताहेत. माणशी पाच लिटर पिण्याला धरलं तरी पाच हजार लिटर. बैलगाडीवर दोनशे लिटरची दोन पिंपं बसवली, तर एका खेपेला चारशे लिटर. म्हणजे बारा-तेरा खेपा. विहीर दोन-तीन किलोमीटरवर असली, तर एक गाडी दिवसात तीन-चार खेपा करील. म्हणजे चार गाड्या, आठ बैल. त्या बैलांना वैरण कोण देणार? दुष्काळात वैरण तर धान्याच्या आधी संपते. तेव्हा पाण्याच्या हिशेबात कडब्याचा हिशेब आलाच. पिंपात आधी काय भरलेलं होतं तेही विचारा. तेलाचं असेल तर पाणी कुणी पिणार नाही. पिंपाला झाकण हवं, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं हवं. शंभर हात पिंपात बुडाले की पटकीला आमंत्रण गेलंच म्हणून समजा.

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. पाणी कुणाच्या हातचं आणि कुणाच्या पिंपातलं, यावरून आपल्या समाजानं माणसांना तहानेलं ठेवलेलं आहे. दुष्काळात ही जात आपोआप गळून पडते असं मानणं भाबडेपणाचं आहे. म्हणून सर्वांना एकाच पिंपातलं पाणी, हा नियम पहिल्या दिवशी आणि मोठ्यानं सांगावा लागतो. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलात, तर तोवर दोन पिंपं झालेली असतात.

पाण्याच्याच बाबतीत आणखी एक. दुष्काळाच्या त्या वर्षांत खेडोपाडी बोअर पाडण्याचं काम जोरात सुरू झालं. बोअर पाडला, वर हातपंप बसवला, हार घातला, लोक टाळ्या वाजवून घरी गेले. पण घरगुती वापरासाठी ओतलेला तो बिडाचा पंप. अख्खं गाव त्यावर लोटल्यावर तो किती दिवस टिकणार? शेवटी आपल्याच सोलापुरात एक दणकट पंप तयार झाला. त्या 'सोलापूर पंपा'वरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' हा हातपंप निघाला आणि पुढे जगातल्या अनेक कोरड्या देशांत गेला. पंप बसवतानाच तो कोण दुरुस्त करणार हे ठरवावं लागतं, ही शिकवण आपण फुकट मिळवली नाही. बंद पंपाशेजारी हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी तिची किंमत मोजली.

आता मजुरीकडे वळू. दुष्काळी कामावर माणूस येतो तो दान घ्यायला येत नाही, कष्ट करून दाम न्यायला येतो. तेव्हा हजेरी, मोजमाप आणि पगार या तीन गोष्टींवर सगळा डोलारा उभा असतो. मुकादम सकाळी हजेरी घेतो. टोळी खणायला लागते. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवतात. त्यावरून किती खोल खणलं ते मोजता येतं. खडी असेल तर ती ब्रासवर मोजायची. मोजमाप झालं की बिल, बिल झालं की पगार. यांतली पहिली कडी उशिरा झाली की पुढच्या सगळ्या उशिरा. मोजणारा एक आणि कामं दहा असली, म्हणजे हा उशीर ठरलेलाच. मग मजूर दुकानदाराकडून उधारीवर माल नेतो, आणि पगार हाती येतो तेव्हा तो त्याचा राहिलेला नसतो.

पगाराच्या दिवशी आणखी एक गंमत होते. पाहणाऱ्याला गंमत, मजुराला नाही. साहेब शंभराच्या नोटा घेऊन येतात. तेव्हाची मजुरी दिवसाला दोन-तीन रुपयांच्या घरातली. सुटे नाहीत म्हणून चार-पाच जणांत एक नोट. आता ती मोडायची कुठे? कोपऱ्यावरच्या दुकानात. आणि तिथं मोडताना काहीतरी विकत घ्यावं लागतंच. सुट्या नाण्यांची पिशवी ही मदतकार्यातली फार मोठी वस्तू आहे, हे मोठमोठ्या योजनांच्या पुस्तकांत लिहिलेलं नसतं.

मजुरीच्या प्रश्नाचं गांभीर्य किती, हे १८७७ नं दाखवून दिलं होतं. त्या वेळी हिंदुस्थान सरकारनं सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या खर्चावर नजर ठेवायला पाठवलं. जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामांवरची मजुरी कमी करण्यात आली. एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे, असा तिचा हिशेब. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खणायचं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी हजारोंच्या संख्येनं कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं लोकांची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. तिजोरीतले चार पैसे वाचवायचे म्हणून काटकसर झाली. पण अर्धपोटी माणूस कमी खणतो, आजारी पडतो आणि शेवटी इस्पितळाचा नाहीतर स्मशानाचा रस्ता धरतो. हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

आतापर्यंत आपण उघड्या माळावरच्या कामाविषयी बोललो. मदतीचा दुसरा प्रकार आहे तो एका आवारात माणसं सांभाळण्याचा, आणि त्याचं मोठं उदाहरण दौंड तालुक्यातच आहे. केडगावचं मुक्ती सदन.

पंडिता रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, वर्षा-दीड वर्षातच ते पुण्याला आणलं. त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यावरून वादळ झालं, आणि त्या वादाची बाजू कुणी कशीही घेवो, केडगावला त्यांनी जे उभारलं ते नीट पाहण्यासारखं आहे. केडगावला त्यांनी जमीन घेतली होती ती फळबागेसाठी, संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि जवळजवळ तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग आणि त्याचे निर्बंध. एवढ्या माणसांना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या मोकळ्या जमिनीवर त्यांना नेलं. घरं नव्हती, ती नंतर झाली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही मुली आल्या, आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

श्रोतेहो, दोन हजार माणसं म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा. आपल्या घरी लग्नाला दोनशे पानं उठायची असली तर आपण आठ दिवस आधीपासून धावत असतो. इथं रोज सकाळ-संध्याकाळ दोन हजार पानं, आणि जेवणाऱ्या उपासमारीतून आलेल्या. उपाशी पोटाला एकदम भरपेट देता येत नाही. आधी पेज, मग थोडं थोडं अन्न. खरजेची मुलगी वेगळी, तापाची वेगळी ठेवायची. अंगावरचे कपडे उकळायचे. केस काढायचे तर ते तिला समजावून काढायचे. आपल्याकडे केशवपनाचा अर्थ काय होतो हे बाईच जाणे. आणि पाणी! विहिरी खणल्या, पण दोन हजारांच्या पिण्याला, धुण्याला आणि बागेला पुरणारं पाणी दुष्काळी केडगावात काढणं हे रोजचं संकट होतं.

हे कसं निभावलं? बाहेरून नोकर आणून निभावलं नाही. आलेल्या मुलींनाच हळूहळू कामं वाटून दिली. स्वयंपाक, दळण, शिवण, विणकाम, तेलघाणा, गाईगुरं, शेती. पुढे छापखाना झाला आणि त्यात खिळे जुळवायला मुलीच बसल्या. काल जिला उचलून गाडीतून उतरवलं, ती सहा महिन्यांनी नव्या आलेल्या मुलीचं डोकं धुऊ लागली. मदत घेणारी मदत देणारी झाली. रेल्वे स्टेशनाजवळची जागा, पाणी, कामाची वाटणी: केडगावचं मदतकार्य या तीन गोष्टींवर तरलं. पैशाची ओढ होतीच; पण ही व्यवस्था नसती, तर पैसा येऊनही दोन हजार जीव जगते ना.

आता अन्नाविषयी एक शब्द. १९७२ च्या दुष्काळातली 'मिलो' आठवणारी माणसं अजून आहेत. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाणाऱ्या माणसाला ती गोड लागली नाही. 'भुकेल्याला चव कसली?' असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. पण भाकरी नीट होत नाही म्हणून बाई जेव्हा पीठ परत डब्यात टाकते, तेव्हा मुंबईहून दौंडपर्यंतचा रेल्वेचा खर्च, हमाली, तोलाई, ट्रकभाडं, सगळं चुलीच्या तोंडाशी येऊन थांबलेलं असतं. मदतीची शेवटची पायरी गोदाम नव्हे, चूल आहे. उलट, त्याच दुष्काळात कामावर दिली जाणारी सुकडी पोरांनी आवडीनं खाल्ली. हातावर पडली की लगेच तोंडात; चूल नको, सरपण नको, भांडं नको. सरपण मिळत नाही तिथं न शिजवता खाता येणारं अन्न द्यावं, हे साधं शहाणपण त्या सुकडीत होतं.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. सगळं काही चोख झालं असं नाही. फोडलेल्या खडीचे ढीग कितीतरी ठिकाणी पुढे वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून राहिले. जे हात खडीवर लागले, ते पाण्याच्या कामावर लावता आले असते. लोकांनी गुरं गमावली, कर्जं काढली, गावं सोडली. तरीही एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींच्या रांगा लागल्या नाहीत, हे अभ्यासकांनी जगापुढे मांडलं आहे.

त्या अनुभवातून कायदा आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, एक प्रयोग झाला होता. त्यातून रोजगार हमी योजना निघाली. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर दिवसाला निदान एक रुपया भत्ता. पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला, त्यात मजुरी पंधरा दिवसांच्या आत मिळाली पाहिजे असं लिहिलं गेलं. लक्षात घ्या, दोन्ही कायद्यांत दिवस मोजलेले आहेत. उशीर म्हणजे नकारच, हे मजुराला पूर्वीपासून माहीत होतं. सरकारनं ते कागदावर कबूल केलं.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, आम्ही सरकार नाही, संस्था नाही. आम्ही यातून काय घ्यायचं? घेण्यासारखं पुष्कळ आहे. पूर येतो, भूकंप होतो, दुष्काळ पडतो. तेव्हा आपल्या गल्लीतही टेबल मांडून मदत गोळा होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग पडून राहिले. ते कोळ्यांच्या उपयोगाचे नव्हते, आणि ते हटवायलाही माणसं लागली. देणाऱ्यांचं मन चांगलं होतं. पण त्यांनी विचारलं नव्हतं. तेव्हा पाठवण्याआधी विचारा. तिथल्या माणसाला विचारा, शक्यतो बाईला विचारा, कारण चूल तिच्याकडे असते. जवळच्या बाजारात वस्तू मिळत असेल तर पैसे पाठवा, वस्तू नको. तिथला दुकानदारही त्यावर जगतो. ट्रक भरलात तर उतरवून घेणाऱ्याचं नाव, गोदाम आणि किल्ली ठरवून मग ट्रक हलवा. काय आलं, कुणाला दिलं, याची यादी चावडीच्या भिंतीवर लावा. यादी भिंतीवर असली की निम्मी भांडणं होतच नाहीत, आणि उरलेली निम्मी खरी असतात. ती ऐकून घ्यावीत.

आणि हमालाला, कारकुनाला, पाणक्याला त्यांच्या कामाचा मोबदला वेळेवर द्या. मदतकार्यात राबणारा माणूस उपाशी ठेवून मदत पोचवता येत नाही. तो बहुधा त्याच गावातला, त्याच दुष्काळातला असतो.

करुणा माणसाला घराबाहेर काढते, हे खरं. पण दौंडच्या मालधक्क्यापासून कान्हूरच्या चुलीपर्यंत धान्य नेण्याचं काम काटा, दाभण, किल्ली, वही आणि सुटे पैसे करतात. ज्याला लोकांचं दुःख मनापासून लागलं आहे, त्यानं या पाच वस्तूंना कमी लेखू नये. पुढचा दुष्काळ केव्हा येईल ते आपल्या हाती नाही. तो येईल तेव्हा किल्ली कुणाकडे असेल, हे मात्र आजच ठरवता येईल.